दुसरा लेख कोणी मागितला?

मराठी ख्रिस्ती साहित्याचा इतिहास सांगू लागलो की आपण सहसा ग्रंथकारांची माळ गुंफतो. फादर थॉमस स्टीफन्स यांच्या १६१६ सालच्या 'ख्रिस्तपुराणा'ने आरंभ करायचा, बाबा पदमनजींच्या १८५७ मधील 'यमुनापर्यटना'पाशी थोडे रेंगाळायचे, पंडिता रमाबाई, रेव्हरंड नारायण वामन टिळक, लक्ष्मीबाई टिळक ही नावे आदराने घ्यायची आणि २०२० साली उस्मानाबादच्या (आजच्या धाराशिवच्या) अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविणाऱ्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यापाशी माळेची गाठ मारायची. ही माळ खोटी नाही. परंतु तीत एक वर्ग नेहमी सुटतो. ज्यांनी स्वतः फारसे लिहिले नाही, किंवा लिहिले तरी ज्यांचे मोठे काम दुसऱ्याच्या हाती लेखणी देण्याचे होते, त्या माणसांचा हा वर्ग. संपादक, यजमान, नवरा, मुलगा अशा नाना नात्यांनी ती माणसे आपल्या साहित्यात वावरली. त्यांचा शोध घेतला तर आपला वाङ्मयेतिहास थोडा निराळा दिसू लागतो.

अमेरिकन मराठी मिशनने 'ज्ञानोदय' हे पत्र १८४२ साली अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे सुरू केले. त्याच्या १८५५ च्या फेब्रुवारी-मार्चमधील अंकांत एक निबंध दोन भागांत छापून आला. लेखिका होती मुक्ता साळवे, मांग समाजातील किशोरवयीन मुलगी, पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणारी. निबंधाचा विषय होता मांग-महारांचे दुःख. ज्यांना वेद ऐकण्याचाही अधिकार नाही त्यांचा धर्म तरी कोणता, असा प्रश्न या मुलीने थेट देवापुढे मांडला. पेशवाईतील अत्याचार तिने नावनिशीवार सांगितले आणि आपल्या जातीच्या बाळंतिणीला डोक्यावर छप्पर नसते हेही सांगितले. त्या काळी मराठीत छापून येणारा मजकूर बहुधा पंडितांचा, शास्त्र्यांचा, नाही तर मिशनऱ्यांचा असे. त्या पानांवर एका अस्पृश्य मुलीचे शब्द तिच्या नावानिशी आले.

येथे इतिहासकाराने डोळस असले पाहिजे. 'ज्ञानोदय'च्या संपादकांचा हेतू निखळ वाङ्मयीन होता असे म्हणता येणार नाही. ब्राह्मणी धर्मव्यवस्थेवर घाव घालणारा मजकूर मिशनऱ्यांना हवाच होता. पण हेतू मिश्र असला तरी दार उघडले हे खरे, आणि ते अशा मुलीसाठी उघडले जी ख्रिस्ती नव्हती. मला अधिक बोचते ती गोष्ट निराळीच आहे. या निबंधानंतरचे मुक्ताचे दुसरे लेखन आज आपल्यापाशी नाही. ती पुढे काय झाली, तिने आणखी काही लिहिले असेल का, याला उत्तर नाही. तिचा पहिला निबंध छापणारे हात आपल्याला ठाऊक आहेत. तिच्याकडे दुसरा मागणारे कोणी होते की नाही, याची कोठेच नोंद नाही.

पहिला लेख कुतूहलापोटी छापला जातो, कधी दयेपोटी, कधी एखाद्या चळवळीची गरज म्हणून. दुसरा लेख मागून घ्यावा लागतो. लेखक घडतो तो बहुधा या दुसऱ्या मागणीने, असे इतिहास वाचताना मला वाटू लागले आहे. त्या दृष्टीने रेव्हरंड टिळकांच्या घराकडे पाहण्यासारखे आहे.

जळगावला नारायण नरसिंह फडणीस हे १८८७ पासून 'काव्यरत्नावली' हे केवळ कवितेला वाहिलेले मासिक चालवीत होते. त्याच जळगावात १९०७ साली कविसंमेलन भरले. अध्यक्षस्थानी डॉक्टर कान्होबा रणछोडदास कीर्तिकर होते. धरणगावच्या सतरा वर्षांच्या त्र्यंबक बापूजी ठोमरे या मुलाने तेथे कविता म्हटली. अध्यक्षांनी त्याला 'बालकवी' म्हटले, आणि पुढे महाराष्ट्राने त्याला याच नावाने ओळखले. पदवी मिळाली, टाळ्या मिळाल्या. एवढ्यावर पुष्कळांचे साहित्यिक आयुष्य सुरू होऊन तेथेच संपते. संमेलन उठते, मांडव सुटतो, मुलगा आगगाडीत बसून गावी जातो आणि टाळ्यांचा आवाज कानांत घेऊन कुठेतरी चाकरी धरतो.

ठोमरेच्या बाबतीत तसे झाले नाही, याचे बरेचसे श्रेय टिळकांना आहे. हा मुलगा पुढे त्यांच्या अहमदनगरच्या घरी येऊन राहिला. त्या घरात राहणे म्हणजे काय, हे आज समजावून सांगावे लागेल. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला होता आणि त्या पायी त्यांचे गणगोत तुटले होते. सोवळ्यात वाढलेल्या लक्ष्मीबाई काही वर्षे नवऱ्यापासून दूर राहिल्या आणि १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. अशा घराच्या ओसरीवर ब्राह्मण कुटुंबातील मुलगा येऊन राहतो, त्यांच्यात जेवतो, हे तेव्हाच्या समाजाच्या पचनी पडणारे नव्हते. टिळक त्याला बाटवणार अशी भीती लोकांना वाटणे स्वाभाविक होते. प्रत्यक्षात बालकवी अखेरपर्यंत हिंदूच राहिला. टिळक हे सुवार्तेने भारलेले गृहस्थ होते, प्रभूची ओळख साऱ्या महाराष्ट्राला व्हावी ही त्यांची तळमळ होती, त्यात शंका नाही. पण या घराच्या दारात बाप्तिस्म्याचा दाखला मागितला जात नव्हता.

टिळकांनी त्याला काय शिकवले? वृत्ते आणि अलंकार शिकवले असतील, पण त्यासाठी कोणी कोणाच्या घरी राहत नाही. मला वाटते, त्याला तेथे रोजचा श्रोता मिळाला. 'केशवसुत', 'विनायक' यांच्या पिढीतला एक मान्यवर कवी सकाळी उठून त्या पोराची नवी कविता ऐकत होता, आणि तिच्याविषयी मनापासून बोलत होता. शिवाय घरात त्याच्याच वयाचा देवदत्त होता आणि लक्ष्मीबाई होत्या. बालकवीचे रुसवे, त्याचा लहरीपणा, हसणे हे सारे लक्ष्मीबाईंनी सांभाळले. 'स्मृतिचित्रे'मध्ये तो आपल्याला भेटतो तो थोर कवी म्हणून भेटत नाही, घरातले एक अवघड पोर म्हणून भेटतो. नवोदित लेखकाचे स्वागत हे शब्द आपण व्यासपीठावरून सहज उच्चारतो. लक्ष्मीबाईंच्या लेखी त्याचा अर्थ ताटात आणखी एक भाकरी आणि डोक्याला आणखी एक ताप असा होता. 'औदुंबर', 'फुलराणी' लिहिणारा हा कवी ५ मे १९१८ रोजी भादली येथे रेल्वे अपघातात गेला, तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचाही झाला नव्हता. पुढच्याच वर्षी, ९ मे १९१९ रोजी, टिळकही गेले.

आपल्यापैकी काहींना प्रश्न पडेल की एका कॅथलिक धर्मगुरूने प्रॉटेस्टंट टिळकांविषयी इतके भरभरून का लिहावे. व्हॅटिकन परिषद होऊन साठ वर्षे झाली आणि टिळकांची गीते आपल्या वेदीपुढेही म्हटली जातात, एवढे उत्तर पुरे व्हावे.

आता लक्ष्मीबाई. त्यांचा जन्म १८६८ सालचा. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नव्हते. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर, नवऱ्याच्या लहरीप्रमाणे चाललेल्या आणि मध्येच बंद पडणाऱ्या शिकवणीतून. अशी स्त्री मराठीतले एक श्रेष्ठ आत्मचरित्र लिहिते याचे आपण कौतुक करतो, पण ते लिहिले कसे गेले हे विसरतो. देवदत्ताला वडिलांचे चरित्र लिहायचे होते. त्यासाठी त्याने आईला आठवणी लिहून द्यायला सांगितले. मागणी टिळकांच्या चरित्राच्या साधनांची होती. हाती आले ते आईचेच चरित्र. देवदत्ताचे मोठेपण यात आहे की आपण मागितले ते हे नव्हे, असे तो म्हणाला नाही. तो मागत गेला आणि त्या लिहीत गेल्या. १९३४ पासून 'स्मृतिचित्रे' भागाभागाने प्रसिद्ध होऊ लागली आणि त्याचे चार भाग झाले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाई निवर्तल्या. पहिला भाग आला तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. नवोदित म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कॉलेजातला मुलगा येतो, म्हणून हे वय मुद्दाम सांगितले.

आणखी एक गोष्ट. या पुस्तकाची भाषा ही बोलणाऱ्या बाईची भाषा आहे. वाक्ये तोडकी, विनोद घरगुती, म्हणी माजघरातल्या. देवदत्त सुशिक्षित होता. आईच्या लेखनाला संस्कृतप्रचुर मराठीचा शालू नेसवणे त्याला अवघड नव्हते, आणि तसे केले असते तर त्या काळच्या रीतीला ते धरूनच झाले असते. त्याने ते केले नाही. संपादकाने काय केले हे छापील पानावर दिसते, काय केले नाही ते दिसत नाही. म्हणून हे श्रेय त्याच्या पदरात फारसे पडलेले नाही.

कॅथलिकांच्या बाजूलाही असे एक दार होते. येशूसंघीय फादर हेन्री डोरिंग यांनी १९०३ साली 'निरोप्या' सुरू केला तो पुण्यामुंबईत नव्हे, राहुरी तालुक्यातील केंदळ या खेड्यात. ज्यांच्या वाडवडिलांना गावच्या शाळेची पायरीही चढू दिली गेली नव्हती अशा लोकांत हे मासिक निघाले, याचे मला नेहमी नवल वाटते. डोरिंग १९०७ साली पुण्याचे महागुरू झाले, मासिक मात्र राहिले आणि त्याने शंभरी ओलांडली. वसईकडे फादर दिब्रिटो यांनी १९८३ ते २००७ अशी चोवीस वर्षे 'सुवार्ता'चे संपादन केले. संपादकाला एका जागी इतकी वर्षे मिळणे ही चैन नव्हे. पहिल्या वर्षी बिचकत कविता पाठवणारी मुलगी दहाव्या वर्षी लेखमाला लिहू शकते ती तिचा हात ओळखणारा माणूस तेथेच बसलेला असला तर. आपल्याकडे दर तीन वर्षांनी संपादक बदलतो आणि प्रत्येक नवा संपादक आधीच्याची पत्रे फाइलीत बांधून ठेवतो, हे आपल्याच माणसांना सांगायला हरकत नसावी.

हे सारे लिहिण्याचे तात्कालिक कारण सांगतो. आमच्या धर्मग्रामातील एका प्रौढ भगिनीने सासऱ्यांच्या पानवेलीच्या वाडीविषयी दहा-बारा पाने लिहिली. वेलींचे वाफे, रहाट, पाने खुडून करंड्या भरणे, रात्रीची राखण, सारे त्यात होते. रहाटाच्या एकेका भागाचे नाव तिने घरच्या बोलीत दिले होते. ती नावे आता वाडीत म्हणणारी माणसे बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत, कारण रहाट गेले, वाड्या गेल्या आणि नातवंडे इंग्रजी शाळेत जातात. एका नियतकालिकाकडून ती पाने परत आली. सोबत निरोप होता की शुद्धलेखन सुधारून, प्रमाणभाषेत पुन्हा पाठवा. तिने वही कपाटात ठेवून दिली.

मी वही मागून घेतली आणि वाचली. ऱ्हस्वदीर्घाच्या चुका आहेत, त्या अर्ध्या तासाचे काम आहे. रहाटाच्या शब्दांना मात्र मी हात लावलेला नाही, त्यांचा अर्थ तेवढा तिला विचारून समासात टिपून ठेवला आहे. ही पाने आता छापायला गेली आहेत. मागच्या रविवारी मिस्सानंतर तिला विचारले, पुढे काय लिहिता आहात? ती हसली. तिच्या सासूबाई लग्नघरी म्हणत ती गाणी तिला पुष्कळ येतात म्हणाली, पण सध्या घरातच लग्न आहे, नाताळ झाल्यावर बघू. नाताळानंतरचा पहिला रविवार मी डायरीत लिहून ठेवला आहे.