मर्मविद्येचं कूळ

  मैसूरच्या राजवाड्यात दर विजयादशमीला वज्रमुष्टीची लढत होते. मुंडण केलेले जेट्टी मल्ल मुठीत वज्रनख धरून समोरासमोर उभे राहतात.  डोक्यातून रक्त आलं की लढत तिथंच थांबते.

याच जेट्टींची दुसरी ओळख हाडवैद्य म्हणून आहे. निखळलेला सांधा बसवायलाही लोक पिढ्यानपिढ्या त्यांच्याकडेच जात आले. बडोद्यातही हेच दिसतं. जुम्मादादा व्यायाम मंदिराचे प्रो. माणिकराव मल्लविद्येइतकेच हाडं बसवण्यासाठी नावाजलेले होते. मर्मविद्येचं, म्हणजे शरीरातल्या नाजूक जागांच्या विद्येचं, खरं कूळ मला या लढणाऱ्या वैद्यांत सापडतं.

मर्मावर घाव बसू नये म्हणून ते कवचाने झाकावं, हा विचार ऋग्वेदातच आहे. पण मोजदाद केली ती सुश्रुताने, आणि तीही शल्यवैद्याच्या नजरेने: शस्त्र कुठं चालवू नये हे कळावं म्हणून. त्याची मर्मं १०७. त्यांतली १९ तत्काळ प्राण घेणारी, ३३ काही काळाने मारणारी, ४४ पंगू करणारी. तीन मर्मांत रुतलेलं शल्य उपसलं तर माणूस दगावतो. नुसती वेदना देणारी फक्त ८, सगळी मनगट आणि घोट्याच्या आसपासची.

कोपराचं उदाहरण घ्या. तिथं इजा झाली तर हात वाकडा होतो, असं सुश्रुत सांगतो. कोपराच्या आतल्या बाजूला, हाडाच्या उंचवट्यामागे बोट फिरवलं की दोरीसारखी नस लागते. हलका धक्का बसला तरी करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात. ती नस कायमची दुखावली तर करंगळी आणि अनामिका आकडीसारख्या वळतात. वैद्याचं निरीक्षण किती बारीक होतं पाहा!

केरळच्या कळरीत, म्हणजे युद्धकलेच्या आखाड्यात, मर्माचे घाव सर्वांत शेवटी, गुरूचा विश्वास बसल्यावरच शिकवतात, आणि उतारा म्हणून मर्मचिकित्साही शिकवतात. मला हीच रीत योग्य वाटते. वर्षानुवर्षं ठोसे-लाथा घोटलेल्या माणसाला मर्मविद्या शिकताना खरी अडचण येते ती स्वतःच्या ताकदीची. त्याचा हात सवयीने जोर लावतो. इथं लागते ती नेमकी जागा, अंगठ्याचा कोन आणि मिळालेली पकड. शिवाय एकाला कळवळायला लावणारा दाब दुसऱ्याला जाणवतही नाही. म्हणून मुरलेल्या खेळाडूने आपले डाव टाकून नुसत्या मर्मांवर विसंबू नये.

शिकायचंच असेल तर मनगटापासून सुरुवात करा, आणि घाव उतरवता येणारा वस्ताद शोधा. मान, कानशील आणि गळा यांवर सरावातही मारू नका. कोणी शिकवायला तयार असला, तरीही नाही.