खय्यामचे शंकुच्छेद आणि परीक्षेतील आलेख-यंत्र

अमेरिकेतील महाविद्यालयीन प्रवेशासाठी घेतल्या जाणाऱ्या एसएटी या परीक्षेत १९९४ साली विद्यार्थ्यांना प्रथमच गणकयंत्र वापरण्याची मुभा मिळाली. केवळ बेरीज-गुणाकार करणारेच नव्हे, तर समीकरणाचा आलेख पडद्यावर काढून दाखवणारे यंत्रही त्यात होते. पुढील वर्षी एपी कॅल्क्युलस या परीक्षेने तर असे यंत्र आवश्यकच ठरवले. या निर्णयांवर बराच वाद झाला. यंत्र उत्तर देणार असेल तर परीक्षा कोणाची, असा प्रश्न अनेक शिक्षकांनी विचारला. तो गैरलागू नव्हता. परंतु आलेखावरून समीकरण सोडवणे ही पळवाट आहे, हे त्यामागील गृहीतक मात्र इतिहासाला धरून नाही.

मराठी वाचकाला उमर खय्याम माधव जूलियन यांच्यामुळे रुबायांचा कवी म्हणून ठाऊक आहे. गणिताच्या इतिहासात त्याचे स्थान वेगळ्या कारणासाठी आहे. नवव्या शतकात बगदादमध्ये अल्-ख्वारिज्मीने वर्गसमीकरणांची पद्धतशीर मांडणी केली होती. घनसमीकरणांसाठी तशी सर्वसाधारण रीत उपलब्ध नव्हती. खय्यामने (१०४८–११३१) या समीकरणांचे प्रकार पाडले आणि दोन वक्र एकमेकांना जेथे छेदतात तेथे उत्तर शोधले. क्ष³ + क्ष = १० हे समीकरण आजच्या चिन्हांत घेऊ. य = क्ष² हा अन्वस्त आणि क्ष² + य² = १०क्ष हे वर्तुळ काढले, तर आरंभबिंदूखेरीज ते (२, ४) या बिंदूत छेदतात. म्हणून क्ष = २. खय्यामजवळ अक्ष नव्हते, ऋण मुळे तो जमेस धरीत नसे, आणि त्याचे उत्तर संख्या नसून रेषेची लांबी असे. तरीही ‘छेदनबिंदू म्हणजे उत्तर’ ही कल्पना तीच.

ती कल्पना हातात मावू लागली ती १९८५ साली, कॅसिओ कंपनीच्या एफएक्स-७०००जी या यंत्रामुळे. १९९० मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचे टीआय-८१ आले आणि अमेरिकी शाळांत या कंपनीचा जम बसला. ओहायो राज्य विद्यापीठातील फ्रँकलिन डेमाना आणि बर्ट वेट्स या प्राध्यापकांनी शिक्षकांना ही यंत्रे वर्गात वापरण्याचे प्रशिक्षण दिले. प्रसाराचे श्रेय केवळ विक्रेत्यांना देणे म्हणूनच योग्य होणार नाही.

परीक्षेत यंत्र कसे उपयोगी पडते? य = क्ष² − ४क्ष + ३ आणि य = २क्ष − ५ यांचे छेदनबिंदू विचारले, तर दोन्ही समीकरणे भरून आलेख काढायचे आणि छेदनबिंदू शोधण्याची आज्ञा द्यायची. (२, −१) आणि (४, ३) ही उत्तरे मिळतात. कागदावर क्ष² − ६क्ष + ८ = ० हे समीकरण मांडून अवयव पाडायलाही फारसा वेळ लागत नाही. खरा लाभ होतो तो अवयव सहज न पडणाऱ्या समीकरणांत.

धोका मात्र पडद्यातच आहे. टीआय-८३सारख्या यंत्रात नेहमीची चौकट दोन्ही अक्षांवर −१० ते १० असते. त्या चौकटीत य = क्ष² − २७क्ष + १८० चा आलेख काढल्यास पडदा जवळजवळ रिकामाच दिसतो, कारण १२ आणि १५ ही मुळे चौकटीबाहेर आहेत. ‘मुळे नाहीत’ असे लिहिणारा विद्यार्थी येथे फसतो. याहून सूक्ष्म उदाहरण य = क्ष² − २क्ष + १.०१ चे. वक्राचा सर्वांत खालचा बिंदू क्ष-अक्षाच्या ०.०१ वर आहे. पडद्यावरील एका ठिपक्याची उंची मात्र या चौकटीत सुमारे ०.३ असल्याने वक्र अक्षाला टेकलेला दिसतो. डोळा एक मूळ सांगतो. विवेचक ४ − ४.०४ म्हणजे −०.०४, ऋण आहे. वास्तव मूळ एकही नाही. खय्याम आपल्या वक्रांना भूमितीची सिद्धता जोडत असे, त्याचे कारण अशा ठिकाणी कळते.

दुसरा प्रश्न पैशाचा होता. अमेरिकेत या यंत्राची किंमत शंभर डॉलरच्या आसपास राहिली. ज्याच्या घरी यंत्र होते त्याचा हात वर्षभर त्यावर बसलेला असे. परीक्षेपुरते उसने आणणाऱ्याला कळा शोधण्यातच वेळ घालवावा लागे. नियम दोघांना सारखाच होता, हे म्हणणे कागदोपत्री खरे. २०१६ साली एसएटीने गणिताचे दोन भाग केले: २५ मिनिटांत २० प्रश्न यंत्राविना आणि ५५ मिनिटांत ३८ प्रश्न यंत्रासह. त्यामागे आकडेमोडीची चिंता होती. किमतीचा प्रश्न तसाच राहिला.

तो बऱ्याच अंशी सुटला तो परीक्षा संगणकावर गेल्यावर. अमेरिकेबाहेर मार्च २०२३ पासून आणि अमेरिकेत मार्च २०२४ पासून डेस्मॉस हे आलेख-साधन प्रश्नपत्रिकेतच प्रत्येकाला विनामूल्य मिळते आणि संपूर्ण गणित विभागात वापरता येते. जीआरईच्या पडद्यावर २०११ पासून गणकयंत्र आहे, पण ते आलेख काढत नाही. आपल्याकडील जेईईमध्ये तर कोणतेच यंत्र नेता येत नाही. त्यामुळे हैदराबाद वा वडोदऱ्याहून एसएटीला बसणारा विद्यार्थी बहुधा सराव परीक्षेतच डेस्मॉस प्रथम पाहतो, आणि चौकट बदलायची असते हे त्याला तोवर कोणी सांगितलेले नसते.