की-व्हॅल्यू स्टोअर म्हणजे काय? सातबाऱ्याच्या उदाहरणातून समजून घ्या

परभणी जिल्ह्यातल्या एखाद्या शेताचा सातबारा ऑनलाइन पाहायचा असेल, तर जिल्हा, तालुका आणि गाव निवडून गट नंबर टाकावा लागतो. नंबर बरोबर असेल तर उतारा समोर येतो. नंबर सांगा, कागद घ्या, एवढा सरळ व्यवहार.

कॉम्प्युटरच्या जगात माहिती ठेवायच्या या पद्धतीला 'की-व्हॅल्यू' म्हणतात. गाव आणि गट नंबर ही झाली 'की', म्हणजे किल्ली. त्या किल्लीने जे हाती येतं, म्हणजे इथे उतारा, ती 'व्हॅल्यू'. (सातबाऱ्याची सरकारी यंत्रणा आतून कशी बांधली आहे तो वेगळा विषय. इथे तो फक्त उदाहरणापुरता घेतलाय.)

तुमच्या फोनमध्येही हेच चालतं. ॲपमध्ये डार्क मोड लावला की 'थीम' या किल्लीपुढे 'डार्क' अशी नोंद होते. भाषा बदलली की 'भाषा' या किल्लीपुढे 'मराठी'. फोन बंद करून चालू केला तरी ही नोंद राहिली, तर त्या साठ्याला 'पर्सिस्टंट', म्हणजे टिकाऊ म्हणतात.

या कामासाठी 'रेडिस'सारखी खास सॉफ्टवेअर आहेत. तरीही अनेक डेव्हलपर नवं काही न आणता आपल्या जुन्याच रिलेशनल डेटाबेसवर असा साठा उभा करतात. का, ते पाहू.

दोन रकान्यांचं टेबल

रिलेशनल डेटाबेस म्हणजे रकाने आधीच ठरलेली टेबलं. ही कल्पना आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी १९७० साली मांडली. मायएसक्यूएल, पोस्टग्रेएसक्यूएल ही त्यातली आजची ओळखीची नावं. तिसरं नाव एसक्यूलाइट, जे जवळपास प्रत्येक स्मार्टफोनमध्ये असतं आणि ज्याचा अख्खा डेटाबेस एकाच फाइलमध्ये मावतो.

यात की-व्हॅल्यू साठा करायचा तर एक टेबल घ्यायचं. पहिला रकाना किल्लीचा, दुसरा व्हॅल्यूचा. किल्लीच्या रकान्याला 'प्रायमरी की' करायचं, म्हणजे तीच किल्ली दोनदा येऊ शकत नाही आणि तिची अनुक्रमणिकाही आपोआप तयार होते. मग टेबलात कोटभर ओळी असल्या तरी डेटाबेस सगळ्या वाचत बसत नाही. शब्दकोशात शब्द शोधावा तसा काही टप्प्यांत नेमक्या ओळीवर पोहोचतो.

लिहिताना मात्र एक काळजी घ्यायची. 'किल्ली आहे का बघा, नसेल तर घाला, असेल तर बदला' असं दोन पायऱ्यांत केलं, तर मधल्या क्षणात दुसरं कुणीतरी तीच किल्ली घालून जाऊ शकतं. म्हणून दोन्ही कामं एकाच आज्ञेत करतात. तिला 'अपसर्ट' म्हणतात. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये ती २०१६ साली आली, एसक्यूलाइटमध्ये २०१८ साली.

लाइट गेली तर?

मराठवाड्यात राहणाऱ्याला हा प्रश्न समजवावा लागत नाही. समजा, तुम्ही सगळी माहिती एका साध्या फाइलमध्ये ठेवली आणि फाइल लिहिली जात असतानाच वीज गेली. अर्धी नवी, अर्धी जुनी अशी फाइल उरते आणि कधीकधी ती उघडतच नाही.

डेटाबेस यावर जे करतो ते तलाठी कार्यालयात गेलेल्यांना ओळखीचं वाटेल. जमिनीचा व्यवहार झाला की सातबारा लगेच बदलत नाही. आधी फेरफाराच्या नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये नोंद होते, ती मंजूर होते आणि मग सातबाऱ्यावर अंमल येतो. डेटाबेसही बदल आधी एका वेगळ्या नोंदवहीत लिहितो आणि नंतर सावकाश मूळ टेबलात उतरवतो. या नोंदवहीला 'राइट-अहेड लॉग' म्हणतात. वीज परत आली की तो लॉग वाचतो. पुऱ्या झालेल्या नोंदी लागू करतो, अर्धवट सोडून देतो.

माझ्या मते जुन्याच डेटाबेसवर साठा बांधायचं खरं कारण हेच आहे. दोन रकान्यांचं टेबल कुणीही दहा मिनिटांत करेल. ऐन लिहिताना वीज गेली तरी खरं टिकवायचं, हे काम अवघड आहे आणि ते या डेटाबेसमध्ये अनेक वर्षांच्या वापरातून पक्कं झालेलं आहे.

असा साठा तुम्ही रोज वापरताही. अनेक मराठी वेबसाइट वर्डप्रेसवर चालतात. वर्डप्रेसच्या सेटिंग 'ऑप्शन्स' नावाच्या टेबलात असतात आणि त्यात मुख्यतः नाव आणि किंमत अशाच जोड्या असतात. थोड्या वेळापुरती ठेवायची माहितीही तिथेच जाते, एका ओळीत माहिती आणि दुसरीत तिची मुदत.

मालकाच्या नावाने शोधायचं असेल तर?

इथे की-व्हॅल्यूची अडचण सुरू होते. गट नंबर माहीत असेल तर उतारा झटकन मिळतो. पण 'या खातेदाराची गावात एकूण जमीन किती?' असं विचारलं तर? फक्त गटवार उतारे असतील तर सगळे चाळावे लागतील. म्हणूनच महसूल खात्यात ८-अ आहे. त्यात खाते नंबरावरून त्या गावातली सगळी जमीन एकत्र दिसते. माहिती तीच, शोधायची वाट उलटी.

नेमका हाच तोडगा 'फ्रेंडफीड'ने काढला होता. नाव जुनं वाटेल, पण 'लाइक'चं बटण फेसबुकच्याही आधी या साइटवर आलं होतं. जीमेल तयार करणारे पॉल बुकहाइट तिच्या संस्थापकांपैकी एक. दुसरे संस्थापक ब्रेट टेलर यांनी २००९ साली त्यांची रचना जाहीरपणे सांगितली. तेव्हा त्यांच्याकडे २५ कोटी नोंदी होत्या आणि डेटाबेस होता मायएसक्यूएल. एक-दोन कोटींपेक्षा जास्त ओळींच्या टेबलाला नवी अनुक्रमणिका जोडायची, तर डेटाबेस तासन् तास अडकून पडायचा.

मग त्यांनी प्रत्येक नोंदीला १६ बाइटची किल्ली दिली आणि बाकी सगळा मजकूर दाबून, गाठोडं बांधून एकाच रकान्यात टाकला. आत काय आहे, याच्याशी मायएसक्यूएलला देणंघेणं नाही. युजरच्या नावाने शोधायचं असेल तर त्यासाठी वेगळं छोटं टेबल, म्हणजे त्यांचं ८-अ. नको झालं की काढून टाकायचं, मूळ टेबलाला हात लावायचा नाही.

किंमत मोजावी लागलीच. मूळ नोंद बदलली आणि छोटं टेबल अजून जुनंच, असं घडू शकतं. त्यामुळे उत्तर देण्याआधी प्रोग्रामने गाठोडं उघडून पुन्हा खात्री करायची, असा नियम त्यांना पाळावा लागला. २००९ मध्येच फेसबुकने ही कंपनी विकत घेतली.

मराठी किल्लीचा घोळ

ही गोष्ट इंग्रजी ट्युटोरियलमध्ये सहसा सापडत नाही. 'शेतकऱ्या' या शब्दातला 'ऱ्या' युनिकोडमध्ये दोन प्रकारे टाइप होतो. 'ॲप'मधल्या 'ॲ'चंही तसंच. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात, पण आतले बाइट वेगळे. बाइट जुळवून शोधणाऱ्या डेटाबेसला त्या दोन निराळ्या किल्ल्या वाटतात. नाव डोळ्यांसमोर असतं आणि ॲप म्हणतं, 'माहिती उपलब्ध नाही'. म्हणून गावाच्या किंवा माणसाच्या नावाऐवजी नंबर किंवा कोड हीच किल्ली ठेवावी.

दोघांनी एकदम लिहिलं तर?

समजा, मानवतच्या बाजारात कापसाच्या गाड्यांना टोकन देणारं ॲप आहे आणि 'शेवटचं टोकन' या किल्लीपुढे ४० लिहिलंय. दोन खिडक्यांवरचे दोघे एकाच क्षणी ४० वाचतात, दोघेही ४१ लिहितात. दोन गाड्यांना एकच नंबर.

यासाठी टेबलात 'आवृत्ती' हा तिसरा रकाना घालतात. लिहिताना अट टाकायची: मी वाचली तेव्हा आवृत्ती ७ होती, अजूनही ७ असेल तरच बदल कर आणि ८ कर. दुसऱ्या खिडकीची अट मोडते, तिचं लिहिणं होत नाही. ती पुन्हा वाचते, ४१ दिसतो, आणि रांगेतल्या पुढच्या गाडीला ४२ मिळतो.