वऱ्हाडची माती, वऱ्हाडचा पाऊस आणि भावी शिक्षक

पूर्णाकाठच्या एखाद्या गावी नव्याने नेमणूक झालेल्या शिक्षकास पहिल्याच वर्षी एका प्रश्नाला तोंड द्यावे लागण्याचा संभव असतो. आपल्या विहिरीचे पाणी खारट का, हा तो प्रश्न होय. समुद्र येथून चारशे किलोमीटरांहून दूर. आणि तरीही अमरावती, अकोला व बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या खारपाण पट्ट्यातील शेकडो गावे पिढ्यानपिढ्या हेच पाणी उपसत आली आहेत. शिक्षकाने आपल्या प्रशिक्षणकाळात नदीची युवावस्था व वृद्धावस्था, वातावरणाचे थर, वाऱ्यांचे पट्टे हे सर्व पाठ केलेले असते. तथापि ह्या एका प्रश्नापाशी त्याचे ज्ञान थबकते. असे का व्हावे, हे इतिहासाच्या आधारे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हिंदुस्थानात हवामानविद्येचा आरंभ झाला तेव्हा ही विद्या आणि अध्यापन एकमेकांपासून दूर नव्हती, ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. १८७५ साली स्थापन झालेल्या हवामान खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड हे मूळचे भूवैज्ञानिक. पुढे ते कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयात प्राध्यापक होते, आणि १८७० च्या दशकात त्यांनी हिंदी शाळांसाठी प्राकृतिक भूगोलाचे पाठ्यपुस्तकही लिहिले. एके काळी हिंदुस्थान व दक्षिण आफ्रिका भूमीने जोडलेले असावेत, असे प्रतिपादन त्यांनी १८७५ मध्येच केले होते. खडक, पाऊस आणि वर्ग या तिन्ही गोष्टी एकाच मनुष्याच्या हाती होत्या. पुढे खाती वाढली आणि कामे वाटली गेली. संशोधन एकीकडे गेले, शाळा दुसरीकडे राहिली.

वऱ्हाडपुरते बोलावयाचे तर येथील माती आणि पाऊस यांविषयीचे ज्ञान तिसऱ्याच ठिकाणी साठत होते, ते म्हणजे महसुली दप्तरात. १८५३ च्या तहाने हा प्रांत निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आला. १८६० नंतर मुंबई इलाख्याच्या पद्धतीने जमिनीची मोजणी व प्रतवारी सुरू झाली. मातीचा रंग, तिची खोली, तिच्यातील चुनखड, पाणी तुंबण्याचा दोष, हे सर्व पाहून तिची किंमत आण्यांत ठरविली जाई. काळी, मोरंड, बरड ही नावे शेतकऱ्याचीच होती. दप्तराने ती नुसती उतरून घेतली. लायल यांनी १८७० मध्ये सिद्ध केलेल्या वऱ्हाडच्या गॅझेटियरात पयानघाट आणि बालाघाट हा जो भेद आढळतो, तोही येथील जुन्या लोकव्यवहारातलाच. उत्तरेस गाविलगडचे डोंगर, दक्षिणेस अजिंठ्याची रांग आणि मध्ये पश्चिमवाहिनी पूर्णेचे खोरे, ही भूरचना ज्याला एकदा उमगली त्याला वऱ्हाडच्या निम्म्या भूगोलाची किल्ली सापडली, असे म्हणावयास हरकत नाही.

परंतु हे दप्तर वर्गापर्यंत पोहोचले नाही. तालुक्याच्या कचेरीत पर्जन्यमापक उभा होता, आणि त्याच गावच्या शाळेत मुले जगातील सर्वाधिक पावसाच्या ठिकाणाचे नाव घोकीत होती.

पावसाच्या बाबतीत ह्या अंतराची किंमत मोठी होती. शेतकऱ्याजवळ मृगापासून स्वातीपर्यंतची नक्षत्रे होती, पंचांगातील त्यांची वाहने होती, आणि बुलढाणा जिल्ह्यातील भेंडवळ येथे अक्षय्य तृतीयेला होणाऱ्या घटमांडणीसारखी भाकितेही होती. सरकारजवळ ब्लॅनफर्ड यांनी ४ जून १८८६ रोजी प्रसिद्ध केलेल्या पहिल्या मोसमी अंदाजापासून पुढची परंपरा होती. हिमालयावरील बर्फाचे प्रमाण हा तिचा मुख्य आधार. १८९९ साली ह्या परंपरेचा कस लागला. ब्लॅनफर्ड यांचे उत्तराधिकारी जॉन एलियट यांनी त्या वर्षी चांगल्या पावसाचा अंदाज वर्तविला होता. प्रत्यक्षात पाऊस गेला, आणि १८९६-९७ च्या दुष्काळातून नुकत्याच सावरू पाहणाऱ्या वऱ्हाडवर दुसरा, अधिक भीषण दुष्काळ कोसळला.

मग शास्त्र आणि घटमांडणी यांत भेद तो काय, असे एखादा चिकित्सक विद्यार्थी विचारील, आणि शिक्षकाने ह्या प्रश्नावर रागावू नये. भेद अंदाज खरा ठरण्यात नाही. तो चूक मोजता येण्यात आहे. एलियट यांचा अंदाज कागदावर होता, गावोगावच्या पर्जन्यमापकांचे आकडेही कागदावर होते. दोहोंची तुलना करता आली. १९०४ मध्ये खात्याची सूत्रे घेणारे गिल्बर्ट वॉकर हे गणिती होते, हवामानतज्ज्ञ नव्हते. त्यांनी जगभरच्या वायुभाराच्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहिल्या आणि त्यांतून पॅसिफिक व हिंदी महासागरांवरील वायुभाराची जी झुलती जोडी दिसली, तिला १९२० च्या दशकात ‘दक्षिणी आंदोलन’ असे नाव दिले. पॅसिफिकच्या पाण्याच्या उष्णतेशी तिचा संबंध ब्यर्कनेस यांनी १९६० च्या दशकात स्पष्ट केला. १८९९ च्या अवर्षणाचा संबंध आज त्याच एल निनोशी जोडला जातो. अकोल्याच्या आजोबांनी सांगितलेल्या दुष्काळाचे एक टोक पेरूच्या किनाऱ्याशी आहे, हे मुलांना सांगता येणे ही सामान्य गोष्ट नव्हे.

आता खाऱ्या विहिरीकडे वळू. येथे पूर्वी समुद्र होता, हे उत्तर चटकन सुचते आणि म्हणूनच घातक आहे. पूर्णेच्या खोऱ्यातील गाळ नदीने आणलेला असून तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या काळ्या पाषाणावर, म्हणजे दख्खनच्या लाव्ह्यावर, फार पुढच्या काळात साचला. पाण्याचा निचरा मंद, हवा कोरडी, बाष्पीभवन भरपूर. अशा स्थितीत पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात. ह्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा एक थरही सापडला आहे व त्याचा संबंध सुमात्रातील तोबा ज्वालामुखीशी लावला जातो. समुद्र नाही, पण समुद्रापलीकडची राख मात्र आहे! ह्याच क्षारांना राष्ट्रीय इतिहासातही स्थान आहे. अकोल्याजवळील दहीहांडा येथे पूर्वी खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून मीठ काढीत. इंग्रजी अमलात तो धंदा बंद पडला. १९३० च्या एप्रिलमध्ये वऱ्हाडने मिठाचा सत्याग्रह केला तो समुद्रकाठी जाऊन नव्हे, तर ह्याच दहीहांड्यास. इतिहासाचा आणि भूविज्ञानाचा तास एकत्र घ्यावयाचा असेल तर याहून चांगले स्थळ प्रस्तुत लेखकास ठाऊक नाही.

लोणारची कथा निराळी आहे. तेथील सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर ज्वालामुखीचे, असे दीर्घकाळ मानले जात होते. उल्कापाताचा पुरावा १९७३ मध्ये निर्णायकपणे पुढे आला. विवराचे वय पन्नास हजार वर्षे म्हणून अनेक वर्षे सांगितले गेले, आणि २०११ मध्ये ते पाच लाख सत्तर हजारांच्या आसपास असल्याचे नवे गणित प्रसिद्ध झाले. म्हणजे १९५० च्या सुमारास प्रशिक्षण घेतलेला शिक्षक निवृत्त होईपर्यंत त्याने शिकलेले उत्तर चुकीचे ठरले होते. त्यात त्याचा दोष नव्हता. दोष झाला तो उत्तर शिकविले पण ते कशावरून, हे शिकविले नाही ह्याचा.

हे अंतर बुजविण्याचा एक गंभीर प्रयत्न वऱ्हाडच्या शेजारीच झाला. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या परिषदेनंतर झाकिर हुसेन समितीने मूलोद्योगी शिक्षणाचा आराखडा मांडला. समवाय पद्धती हा त्याचा गाभा. सूतकताईवरून कापसाकडे, कापसावरून काळ्या मातीकडे, मातीवरून पावसाकडे, असा क्रम कापसाच्या ह्या प्रदेशात किती सहज साधला असता! समितीने शिक्षकांसाठी तीन वर्षांचा दीर्घ आणि एक वर्षाचा अल्प असे दोन अभ्यासक्रम सुचविले होते. समवाय साधण्यासाठी टकळी चालविता येणे पुरेसे नव्हते, मातीचे शास्त्रही येणे अवश्य होते. आणि एका वर्षात ते येणे कठीण. ही योजना फसली याची अनेक कारणे दिली जातात, त्यांत हे कारण पुरेसे मांडले गेलेले नाही, असे आमचे मत आहे.

आज साधने उणी नाहीत. अकोल्यास १९६९ पासून कृषी विद्यापीठ आहे, अमरावतीस १९८३ पासून विद्यापीठ आहे. छात्राध्यापकास सराव पाठांबरोबर एक पावसाळाभर स्वतः पर्जन्यमापक वाचावयास लावले, तर काय घडेल याचे एक लहानसे उदाहरण देतो. मापकाचे वाचन सकाळी साडेआठ वाजता होते आणि मागील चोवीस तासांचा पाऊस त्या दिवसाच्या तारखेस लिहिला जातो. सात तारखेच्या संध्याकाळी मृगाचा पहिला पाऊस कोसळतो, मुले त्यात भिजतात, आणि नोंदवहीत सात तारखेपुढे शून्य व आठ तारखेपुढे आकडा असतो. कोणी तरी मुलगा उठून म्हणतोच, गुरुजी, हे चुकले आहे.