मोकळ्या जागेचें माप

नगररचनेचा विचार करणाऱ्यास रस्त्याची रुंदी मोजून सांगतां येते, दरडोई पाण्याचा हिशेब मांडतां येतो. परंतु वृक्ष, तलाव आणि उद्यान यांपासून नगरास होणारा लाभ कोणत्या मापानें मोजावा? ज्याचें माप नाहीं त्याचा हिशेब नाहीं, आणि ज्याचा हिशेब नाहीं त्यावर सर्वांत आधीं कुऱ्हाड पडते, हा व्यवहाराचा नियम आहे. म्हणून गेल्या सव्वाशे वर्षांत हीं मापें कोणत्या गरजेंतून निर्माण झालीं, आणि त्यांच्या नजरेंतून काय सुटलें, याचा थोडा इतिहास वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

या विचारास ठाणें शहर फार योग्य आहे. साठ तलावांचें गांव अशी त्याची जुनी ख्याति. त्यांपैकीं आज महानगरपालिकेच्या हद्दींत सुमारें ३५ तलाव उरले आहेत. मासुंद्याच्या कांठीं कौपिनेश्वर आहे, पांचपाखाडींत कचराळी आहे, आणि एस. टी.च्या आगारामुळें सर्वांस ठाऊक असलेल्या खोपट भागांत सिद्धेश्वर तलाव आहे. खोपट या शब्दाचा अर्थ लहानशी झोपडी. आज त्याच नांवाच्या वस्तींत माणसांची आणि वाहनांची दाटी आहे. १९०१ च्या खानेसुमारींत ठाण्याची लोकसंख्या १६,०११ होती. २०११ सालीं ती १८,४१,४८८ झाली. १९८२ सालीं महानगरपालिका होतांना आसपासचीं गांवें शहरांत आलीं हें जमेस धरलें, तरी वाढ प्रचंडच आहे. माणसें वाढलीं आणि तलाव घटले. अशा वेळीं उरलेल्या पाण्याचें व झाडांचें मोल काय, हा प्रश्न केवळ शोभेचा राहत नाहीं.

आपल्याकडे मोकळ्या जागेचें पहिलें काटेकोर माप मृत्यूच्या भयांतून निघालें. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला. अंधाऱ्या, कोंदट चाळींकडे तेव्हां कोठें सरकारचें लक्ष गेलें व १८९८ सालीं सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. या ट्रस्टचे अध्यक्ष ऑर यांनीं साडेत्रेसष्ट अंशांचा नियम पुढें मांडला. राहत्या खोलीसमोर जी इमारत असेल तिचा माथा या कोनाच्या वर जातां कामा नये. म्हणजेच समोरची भिंत जितकी उंच, तिच्या निम्म्याइतकी तरी जागा मध्यें मोकळी पाहिजे. या नियमाचा एक गुण आमच्या मतें फार मोठा आहे. तो नकाशावरून मोजीत नाहीं. खोलींत राहणाऱ्या माणसाच्या जागीं उभा राहून मोजतो. परंतु त्याला दिसतें तें केवळ आकाश. फरसबंद अंगण आणि पिंपळाची सांवली यांत त्याच्या लेखीं कांहींच भेद नाहीं.

दुसरें भय हिंवतापाचें. डॉ. बेंटली यांनीं मुंबईंतील हिंवतापाची चौकशी केली व १९११ सालच्या अहवालांत घरोघरच्या विहिरींतील डासांकडे बोट दाखविलें. विहिरी झांकण्याची व बुजविण्याची मोहीम त्यांतून निघाली. धोबीतलावासारखे मोठे तलाव तर तत्पूर्वींच बुजले होते. रोग हटविण्याचा हेतु खरा होता, हें मान्य केलेंच पाहिजे; परंतु त्या हिशेबांत पाणी केवळ खर्चाच्या बाजूस पडलें, जमेच्या बाजूस त्याला जागाच उरली नाहीं.

याच सुमारास, १९१४ सालीं, पॅट्रिक गेडीस हे स्कॉटलंडचे वनस्पतिशास्त्रज्ञ हिंदुस्थानांत आले. पुढें १९१९ सालीं ते मुंबई विद्यापीठांत समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले. तलाव सरसकट बुजविण्यास त्यांचा विरोध होता. डासांच्या अळ्या खाण्यास मासे व बदकें आहेत; तलाव स्वच्छ ठेवावा, त्याच्या कांठाची बाग करावी, असें ते सांगत. आधीं गांव पायीं हिंडून पाहावें, त्याचें निदान करावें, मग उपचार ठरवावा, ही त्यांची रीत होती. ठाण्यांत जे तलाव उरले त्यांकडे पाहतां या उपदेशाचें मर्म आजहि पटतें.

तिसरें माप क्षेत्रफळाचें. १९४३ च्या लंडन परगण्याच्या योजनेंत दर हजार माणसांस चार एकर मोकळी जागा असावी असें ठरविलें. म्हणजे माणशीं सुमारें सोळा चौरस मीटर. आपल्या केंद्र सरकारच्या नगररचनेच्या मार्गदर्शिकेंत हें प्रमाण माणशीं दहा ते बारा चौरस मीटर धरलें आहे. असें माप सोपें असतें व नगरपित्यांस त्यावरून जाब विचारतां येतो, हा त्याचा लाभ. दोष असा कीं तें सरासरी आहे. ठाण्याच्या पश्चिमेस येऊरचें अरण्य आहे. तें हिशेबांत धरलें तर शहर श्रीमंत दिसेल. परंतु आगाराजवळच्या दोन खोल्यांत राहणाऱ्या म्हाताऱ्यास त्या अरण्याची सांवली कशी मिळावी? सरासरीनें कोणाची तहान भागत नाहीं.

चौथें माप पैशाचें. कलकत्ता विद्यापीठाचे प्रा. दास यांनीं १९७९ सालीं पन्नास वर्षें जगलेल्या एका झाडाचें मोल १५ लक्ष ७० हजार रुपये ठरविलें. २०२१ सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या समितीनें झाडाच्या वयाच्या दर वर्षास ७४,५०० रुपये धरले, व त्यांतील ४५,००० रुपये एकट्या प्राणवायूचे होते. झाडाची किंमत शून्य मानणाऱ्या कंत्राटदारापुढें हे आंकडे उपयोगी पडतात, यांत संशय नाहीं. परंतु हवेंत प्राणवायूचा तुटवडा नाहीं; शहरांत तुटवडा आहे तो सांवलीचा, गारव्याचा आणि निवांतपणाचा. आणि प्राणवायूचा भाव अरण्यांतल्या झाडास व रस्त्यावरच्या झाडास सारखाच लागू होतो. ज्या सांवलींत दुपारीं गाडीची वाट पाहणारा प्रवासी उभा राहतो, तिचें विशेष मोल या हिशेबांत उतरत नाहीं.

त्याच २०२१ सालीं महाराष्ट्रानें १९७५ चा आपला वृक्षसंरक्षणाचा कायदा सुधारला. पन्नास वर्षांवरील वृक्ष वारसावृक्ष ठरला, आणि तोडलेल्या झाडाचें जितकें वय तितकीं नवीं रोपें लावावीं असा दंडक झाला. जुन्या वृक्षाचें वय मोजलें गेलें हें उत्तमच झालें. तथापि खोपटांतला साठ वर्षांचा वृक्ष पडला आणि साठ रोपें शहराच्या दुसऱ्या टोकास लागलीं, तर कागदावर हिशेब जुळतो; जेथें ऊन वाढलें तेथील माणसांच्या पदरीं मात्र कांहींच पडत नाहीं.

मग योग्य माप कोणतें? १९८४ सालीं उल्रिच या अमेरिकन संशोधकानें शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांची नोंद तपासली. ज्यांच्या खिडकींतून झाडें दिसत ते, विटांची भिंत पाहणाऱ्यांपेक्षां लवकर घरीं गेले होते. संख्या लहान आहे. परंतु मोजण्याची जागा बरोबर आहे. २०२१ सालीं कोनाइनेंडाइक या डच अभ्यासकानें सुचविलेला नियमहि याच वाटेचा आहे: प्रत्येक घरांतून तीन झाडें दिसावींत, प्रत्येक वस्तीवर तीस टक्के झाडांचें छत्र असावें, आणि तीनशें मीटरांच्या आंत उद्यान असावें. ऑर यांनीं जेथून मोजण्यास आरंभ केला त्या खिडकीशींच शतकानंतर विद्वान परत आले आहेत. आतां त्यांना आकाशासह झाडहि दिसूं लागलें आहे.

आमचें म्हणणें इतकेंच कीं शहराचा आराखडा करतांना एकर, रुपये व रोपें यांबरोबर वस्तीवार पावलेंहि मोजलीं जावींत. सिद्धेश्वराच्या कांठीं किती घरांतील मुलें रस्ता न ओलांडतां पोंचतात, वैशाखांत तेथें बसण्याजोगी सांवली किती, तो कांठ स्त्रियांस सायंकाळीं निर्भयपणें वापरतां येतो कीं नाहीं, याची नोंद एखाद्या शाळेच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थीहि करूं शकतील. अशी नोंद प्रत्येक तलावाची झाली, तर पुढचा तलाव आक्रसण्यापूर्वीं त्याचें मोल निदान कोणास तरी ठाऊक असेल.