कावा: शब्द घोड्याच्या रिंगणातला

‘गनिमी कावा’ म्हटलं की डोळ्यांपुढे खिंड येते, रात्रीचा छापा येतो. यातला ‘गनीम’ म्हणजे शत्रू. मोगलांच्या कागदपत्रांत तो मराठ्यांना लावलेला आढळतो. मग ‘कावा’ कुठला? आज आपल्याला त्यात फक्त डावपेच ऐकू येतो. जुने कोश मात्र त्याचा आणखी एक अर्थ देतात: घोड्याला मंडळ धरून फिरवणं. हिंदी कोशकारांनी शब्द फारसी मानला आहे. हिंदीत ‘कावा देना’ म्हणजे घोड्याला गोल फिरवणं आणि ‘कावा काटना’ म्हणजे चक्कर मारणं, शिवाय नजर चुकवून निसटणंही. रिंगणातून कपटाकडे जाणारी वाट या एका वाक्प्रचारातच दिसते.

शब्द फारसी असेल, रीत त्याहून फार जुनी. तुर्कस्तानात प्राचीन हित्ती लोकांची राजधानी हत्तुशा इथे मातीच्या पाट्यांवर कोरलेलं एक अश्वशिक्षण सापडलं. सांगणारा मितन्नी देशाचा किक्कुली, काळ सुमारे ३,४०० वर्षांपूर्वीचा. घोडे रथाचे, पण त्यांच्या फेऱ्यांची नावं वाचून मराठी माणूस थबकतो: ऐकवर्तन्न, तेरवर्तन्न, पंझवर्तन्न, सत्तवर्तन्न, नववर्तन्न. एक, तीन, पाच, सात, नऊ वळणं! आपलं ‘वर्तुळ’ही ‘वर्तन्न’मधल्याच धातूतून आलं. पुढे ग्रीसमध्ये झेनोफनने स्वारीच्या घोड्यासाठी आठच्या आकड्यासारखी फेरी सुचवली, कारण तीत घोडा दोन्ही अंगांनी वळायला शिकतो.

दोन्ही अंगांनी, हे फार महत्त्वाचं. माणूस जसा उजवा-डावखुरा असतो, तशी घोड्याचीही एक बाजू सोपी असते, दुसरी ताठर. म्हणून त्याला दोन्हीकडे फिरवतात. शिकवणारा मध्ये उभा राहतो. त्याच्या हातात लांब दोर, दोराचं दुसरं टोक घोड्याच्या तोंडाशी. घोडा आधी कदम चालतो, मग दुडकी धरतो. सुरुवातीला पाठ मोकळी, नंतर खोगीर, स्वार सर्वांत शेवटी. कोवळं जनावर सरळ पळवलं तर मान ताणून नुसता वेग घेतं. वर्तुळात मात्र आतल्या बाजूचा मागचा पाय त्याला पोटाखाली पुढे टाकावा लागतो, भार मागे सरकतो, पाठ उचलली जाते. थोड्या वेळाने जबडा सैल पडतो, घोडा फुरफुरतो. तो फुरफुराट ऐकला की मला फार समाधान वाटतं, कारण धाक दाखवून तो मिळत नाही. घाई मात्र करू नये. आधी २० मीटर व्यासाचं ऐसपैस वर्तुळ. ६ किंवा ८ मीटरचं घोडा तयार झाल्यावरच, नाहीतर सांधे जातात.

असा फिरवलेला घोडा रणात काय करत असेल, ते उघड आहे. समोर दिसायचं, मांडीच्या दाबावर गर्रकन वळायचं, बगलेने जाऊन रसद तोडायची आणि जड सैन्य तोंड फिरवेपर्यंत निघून जायचं. मराठ्यांच्या फौजेत हलके, काटक घोडे होते आणि हीच त्यांची लढाई होती. मला तरी वाटतं, की ‘कावा’ला डावाचा अर्थ घोड्याच्या पाठीवर बसूनच चिकटला. पुढे त्यातून ‘कावेबाज’ झाला आणि घोडा मागे पडला, याची मला हळहळ वाटते.

रिंगण नुसतं घोड्यासाठी नसतं, स्वारासाठीही असतं. व्हिएन्नाच्या प्रसिद्ध स्पॅनिश अश्वशाळेत नवख्याला कित्येक महिने दोरावरच्या घोड्यावर बसवतात. रिकीब नाही, हातात लगाम नाही. वर्तुळात शरीर बाहेर फेकलं जातं आणि धरायला काहीच नसतं. पहिले दिवस गुडघे आवळण्यात जातात, आणि आवळले की माणूस अधिकच उसळतो. हळूहळू कंबर घोड्याच्या पाठीबरोबर हलू लागते, मांड बसते. तोल सांभाळायला लगामाला लोंबकळणारा स्वार प्रत्येक पावलाला घोड्याचं तोंड दुखवत असतो. या फेऱ्यांनंतर लगाम परत मिळतो, तेव्हा बोटं तो आपसूक हलका धरतात.