भुतेखेते, मराठी मुलखातील

अपमृत्यू आलेला, क्रियाकर्म न झालेला किंवा वासना मागे राहिलेला जीव ठरावीक जागी घुटमळतो, या समजुतीतून मराठी मुलखात जी अदृश्य वस्ती वसली, तिला मिळून भुतेखेते म्हणतात. या वस्तीवर पोसलेल्या कथा-कादंबऱ्या, चित्रपट आणि मालिका याही या नोंदीच्या कक्षेत येतात. उदाहरणे शक्य तिथे पुणे जिल्ह्यातील, विशेषतः इंदापूर तालुक्यातील निमगाव केतकी आणि बारामती-इंदापूर पट्ट्याच्या आधाराने दिली आहेत. पानमळ्यांसाठी ओळखले जाणारे हे गाव बारामती-इंदापूर रस्त्यावर आहे आणि आषाढी वारीत तुकोबांची पालखी तिथे थांबते. भुतांच्या नोंदीत पालखी कुठून आली, ते पुढे कळेल.

प्रकार व पत्ते : मराठी भुताला वय, जात, मरणाचे कारण आणि पत्ता असतो. मुंज झाली पण सोडमुंज व्हायच्या आत गेलेला ब्राह्मणाचा पोरगा म्हणजे मुंजा. त्याचा पत्ता पिंपळ. बाळंतपणात गेलेली ती अलवंत. हडळही बहुधा ओली बाळंतीण किंवा विटाळशी असताना मेलेली बाई. तिचे पाय उलटे आणि पाठ पोकळ. नवरा जिवंत असताना वारलेली जखीण होते आणि नवऱ्याने दुसरे लग्न केले तर नवीला सुखाने नांदू देत नाही. म्हणून दुसरेपणावर दिलेली मुलगी पूर्वी पहिलीच्या नावाचा टाक गळ्यात घालीत असे. मेलेल्या सवतीला दागिन्यात जागा दिली की ती घरात शांत राहते, हा त्यामागचा व्यवहार. निर्वंश गेलेला किंवा पैशात जीव अडकलेला समंध होतो आणि पुरलेल्या धनावर बसून राहतो. पाण्यात बुडून मेलेला गिऱ्हा दुसऱ्याला पाण्यात ओढतो. खवीस परधर्मी. चकव्याला तर रूपच नाही. तो फक्त वाट चुकवतो.

ही नावे ओळीने वाचली की प्रत्येकामागे राहून गेलेले काहीतरी दिसते. कुणाची सोडमुंज राहिली, कुणाचे मूल मांडीवर आले नाही, कुणाला पिंड द्यायला कोणी उरले नाही. स्त्रीभुतांत बाळंतिणींचा भरणा एवढा का, हे कळायला ज्या काळात घरोघर बाळंतपणात बायका दगावत तो काळ आठवला तरी पुरे. मेल्यावरही जात सुटत नाही ही म्हणण्याची रीत भुतांच्या बाबतीत शब्दशः खरी आहे. मुंजा ब्राह्मणाचाच असतो, ब्राह्मणाच्या समंधाचा, म्हणजे ब्रह्मसमंधाचा, मान मोठा आणि त्याला उतरवायला येणारा देवऋषी बहुधा ब्राह्मणेतर.

भुते झाडांवरच का, याचे एक सुशिक्षित उत्तर सर्रास दिले जाते : झाडे रात्री कार्बन डायऑक्साइड सोडतात, म्हणून पूर्वजांनी भुताची भीती घालून लोकांना पिंपळाखाली झोपू दिले नाही. हे उत्तर भुताइतकेच डळमळीत आहे. मोकळ्या हवेत झाड जेवढा वायू सोडते, त्याहून शेजारी झोपलेला माणूस जास्त सोडतो. पिंपळाच्या ढोलीत राहणाऱ्या गव्हाणी घुबडाची किंकाळी ज्याने रात्री ऐकली आहे, त्याला वायूचा आधार लागत नाही.

वेताळ हा या सगळ्यांचा राजा. पुण्यातील सर्वांत उंच टेकडी त्याच्या नावाची आहे, गोव्यातील बेताळभाटी हे गावही. देशावर तो शेंदूर फासलेला धोंडा असतो, तर दक्षिण कोकणात गावाचा राखणदार देव. वेंगुर्ले तालुक्यातील आरवलीच्या वेतोबाला केळ्यांचे घड आणि चामड्याच्या भल्यामोठ्या वहाणा वाहतात. देव रात्री गावाच्या हद्दीवर फिरतो, म्हणून त्याच्या वहाणा झिजतात, अशी भाविकांची श्रद्धा आहे. भुताचा राजा गावचा रखवालदार होतो तो असा.

भूत आणि देव यांतली भिंत पातळच आहे, आणि ती शेंदराची आहे. बारामती-इंदापूर भागात विहिरीच्या थारोळ्याजवळ किंवा ओढ्याकाठी शेंदूर लावलेले सात खडे मांडलेले दिसतात. त्या साती आसरा. पाण्यातल्या या बायका बाळंतिणीला आणि लहान मुलाला धरतात, म्हणून त्यांना खण, हिरव्या बांगड्या आणि दहीभाताचा नैवेद्य. बांधावरचा म्हसोबा याच पंक्तीतला. दा. ध. कोसंबी यांनी पुण्याच्या आसपासची अशी ठाणी पायी हिंडून पाहिली आणि 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' (१९६२) या पुस्तकात त्यांची संगती जुन्या मातृदेवतांशी आणि गुराख्यांच्या वाटांशी लावली. अपघाती मरण आलेली बाई कालांतराने देवी होऊन पूजा घेऊ लागते, हेही त्यांनी नोंदवले आहे.

आता पालखी. तुकोबांच्या एका प्रसिद्ध अभंगात जाखाई-जोखाईपासून वेताळापर्यंत सगळ्या किरकोळ दैवतांची हजेरी घेतली आहे. मुंज्या आणि म्हैसासुर ही तर पोरे, त्यांना कोण मोजतो, असा त्याचा सूर आहे. वेताळाच्या वाट्याला थेट शिवी येते. सतराव्या शतकात देशावरच्या गावांत कोणकोणती भुते पुजली जात, याचा हा भरवशाचा पुरावा. ज्या मुंजाला तुकोबांनी पोरांत जमा केले त्याच्या पिंपळावरून त्यांचीच पालखी वर्षानुवर्षे जात आली आहे, आणि दोघांपैकी कोणीच हटलेले नाही.

नोंदींचा इतिहास : मुंबई इलाख्यातील भुतांची पहिली मोठी खानेसुमारी नाशिकचे कलेक्टर ए. एम. टी. जॅक्सन यांच्यामुळे झाली. संस्कृतचे जाणकार असलेल्या या अधिकाऱ्याने गावोगावच्या शाळामास्तरांकडून पिंपळावर कोण राहतो, विहिरीत कोण, अंगातले कसे काढतात, अशी माहिती मागवली होती. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात 'शारदा' नाटकाच्या प्रयोगाच्या वेळी क्रांतिकारक अनंत कान्हेरे यांनी जॅक्सनला गोळ्या घातल्या आणि ते काम अपुरे राहिले. आर. ई. एन्थोवेन यांनी ती टिपणे संपादित करून कोकणचा भाग १९१५ मध्ये छापला. त्यांचे स्वतःचे 'द फोकलोअर ऑफ बॉम्बे' १९२४ मध्ये निघाले. हडळीची पोकळ पाठ आणि गिऱ्ह्याच्या खोड्या आज छापील रूपात मिळतात त्या बऱ्याच अंशी त्या मास्तरांमुळे.

पुणे शहराचे प्रसिद्ध भूत या कोणत्याच प्रकारात बसत नाही. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला; काकांकडे धावत गेलेल्या त्या तरुणाची हाक अजून रात्री ऐकू येते, असे सांगतात. वाडा १८२८ च्या आगीत बहुतेक जळाला. हाक मात्र राहिली, आणि आता ती पर्यटनाच्या यादीत आहे.

काळवेळ : पाश्चात्त्य हॅलोविनचा दिवस ३१ ऑक्टोबर, त्याचे मूळ केल्टिक लोकांच्या सामहेन या सणात धरतात. आपल्याकडे मेलेल्यांचा हंगाम त्याच्या थोडा आधी, भाद्रपदाच्या वद्य पक्षात येतो आणि सर्वपित्री अमावस्येला संपतो. पण मुखवटे, आग आणि राक्षस यांच्या हिशेबाने हॅलोविनच्या सर्वांत जवळ जाते ती नरक चतुर्दशी. त्या पहाटे महाराष्ट्रात अंगठ्याखाली कारीट चिरडतात. गोव्यात रात्रभर अक्राळविक्राळ नरकासुर मिरवून पहाटे जाळतात. २०२४ मध्ये नरक चतुर्दशी नेमकी ३१ ऑक्टोबरलाच आली, म्हणजे अमेरिकेतल्या मराठी घरांत पहाटेचे अभ्यंगस्नान आणि संध्याकाळी शेजारच्या पोरांना वाटायची चॉकलेटे एकाच दिवशी.

साहित्य : मराठीत भयकथेचा हंगामही हाच आहे आणि त्याचे श्रेय दिवाळी अंकांना जाते. १९०९ मध्ये का. र. मित्र यांच्या 'मनोरंजन'ने ही प्रथा सुरू केली. पुढे 'नवल', 'धनंजय' यांसारख्या अंकांनी अद्भुत आणि गूढ कथांना हक्काची जागा दिली. चकली खात हडळीची गोष्ट वाचणे हा प्रकार जगात इतरत्र फारसा नसावा.

या प्रांतात दोन नावे मोठी. नारायण धारप (१९२५–२००८) यांनी पाश्चात्त्य भयकथेचे सांगाडे उचलून पुण्याच्या वाड्यांत आणि आडगावांत आणून बसवले. त्यांची 'लुचाई' स्टीफन किंगच्या 'सेलम्स लॉट'वर बेतलेली आहे. 'समर्थ' मालिकेत तर त्यांनी भुताच्या विरोधात उभा राहणारा स्वतंत्र नायकच दिला. धारपांवर उसनवारीचा आरोप होतो आणि तो काही ठिकाणी खरा आहे. पण दार, ओटा, माजघर, अडगळीची खोली ही घराची रचना भीतीच्या कामी कशी लावावी, हे मराठीत त्यांच्याइतके कोणाला साधले नाही. रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांची वाट निराळी. 'खेकडा', 'मध्यरात्रीचे पडघम', 'कबंध' या संग्रहांतील त्यांच्या गूढकथांत भूत असेलच असे नाही. शेजारच्या ब्लॉकमधला साधा माणूस पुरतो.

चित्रपट व मालिका : मराठी पडद्यावरचे भूत बराच काळ हसवण्याच्या कामावर होते. 'एक डाव भुताचा' (१९८२) मध्ये अशोक सराफ यांचे मराठेशाहीतले भूत एका बुजऱ्या मास्तराला मदत करते. महेश कोठारे यांचा 'झपाटलेला' (१९९३) अमेरिकेच्या 'चाइल्ड्स प्ले'वरून सुचलेला. पण रामदास पाध्ये यांनी घडवलेला तात्या विंचूचा बाहुला इतका मराठी झाला की मूळ चित्रपट पाहिलेले लोकही त्याला परका म्हणत नाहीत. 'पछाडलेला' (२००४) त्याच जातकुळीतला. त्याआधी 'हा खेळ सावल्यांचा' (१९७६) गंभीर होता. त्यातील सुधीर मोघे यांच्या गीतावरून २०१६ मध्ये 'रात्रीस खेळ चाले' या मालिकेचे नाव आले. सिंधुदुर्गातील आकेरीच्या वाड्यात चित्रित झालेल्या या मालिकेवर कोकणची बदनामी होते अशी ओरड झाली आणि मग त्याच वाड्यापुढे बघ्यांच्या गाड्या लागल्या.

गेल्या काही वर्षांत जे चित्रपट खरोखर लागू पडले, त्यांनी भुताची जुनी अट पाळली : आधी काय राहून गेले ते ठरवायचे, भीती मग आपोआप येते. राही अनिल बर्वे दिग्दर्शित 'तुंबाड' (२०१८) हिंदीत आहे, पण त्याचा गाभा धनावर बसलेल्या समंधाचा. त्यातील आजीचा भाग धारपांच्या कथेवरून आला, नाव श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत'वरून आणि वाड्याचे काही चित्रण सासवडच्या पुरंदरे वाड्यात झाले. आदित्य सरपोतदार यांच्या हिंदी 'मुंज्या'ने (२०२४) लग्नाची इच्छा राहून गेलेल्या पिंपळावरच्या पोराला देशभर नेले. त्यांच्याच मराठी 'झोंबिवली'त (२०२२) आयात भूत डोंबिवलीच्या पाणीटंचाईत सापडते.

बारामती-इंदापूरच्या वाचकाला सर्वांत जवळचा वाटेल तो विशाल फुरिया यांचा 'लपाछपी' (२०१७). गरोदर बाई, चहूबाजूंनी उसाचा फड आणि मधोमध एकटे घर. गर्भातच मारलेल्या मुलींचा हिशेब हा या चित्रपटाचा विषय, म्हणजे अलवंतीची उलटी बाजू. फुरिया यांनीच त्याची हिंदी आवृत्ती 'छोरी' (२०२१) केली. पिंपळ आणि पडका वाडा सोडून भूत उसात नेणे ही यातली खरी कल्पकता. बारा-चौदा महिन्यांच्या फडात शिरलेल्या माणसाला चार सऱ्यांपलीकडचे दिसत नाही आणि पाचट वाजले की ते कोणाच्या पायाखाली वाजले ते कळत नाही.

भय आणि भयगंड : फडात किंवा माळावर रात्री तीच ती जागा पुन्हा समोर येणे म्हणजे चकवा लागणे. २००९ मध्ये जर्मनीतील ट्युबिंगेनच्या मॅक्स प्लांक संस्थेतील संशोधकांनी माणसांना जंगलात आणि सहारा वाळवंटात सरळ चालायला सांगितले. सूर्य किंवा चंद्र दिसेनासा झाला की माणसे नकळत गोल फिरत आणि आपल्याच पावलांवर परत येत. जाग आहे, डोळे उघडे आहेत, पण हातपाय हलत नाहीत आणि उरावर कोणी बसले आहे, असा अनुभव हडळीच्या नावे जमा होतो. स्वप्नांच्या झोपेत शरीराचे स्नायू सैल पडतात; जाग आधी आली आणि स्नायू मागे राहिले की असे होते.

मानसशास्त्रात भुताच्या भीतीला फास्मोफोबिया, अंधाराच्या भीतीला निक्टोफोबिया, तेराच्या आकड्याच्या भीतीला ट्रिस्कायडेकाफोबिया आणि खुद्द हॅलोविनच्या भीतीला समहेनोफोबिया अशी नावे आहेत. यांतली बरीच केवळ कोड्यांच्या उपयोगाची. निदानात 'विशिष्ट भयगंड' हा एकच गट धरतात; भीती अवास्तव हवी, साधारणतः सहा महिने टिकलेली हवी आणि तिने रोजच्या जगण्यात अडथळा आणलेला हवा. उपाय म्हणजे भीतीच्या गोष्टीला थोडे थोडे करून सामोरे जाणे. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते अमावस्येच्या रात्री लोकांना स्मशानात घेऊन बसतात, तेव्हा ते जवळपास हेच करत असतात.

कायदा : ही समिती १९८९ मध्ये स्थापन करणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांतच जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात कायदा झाला. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, दंड पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत. भुतावर विश्वास ठेवणे या कायद्याने गुन्हा ठरत नाही; भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला बांधणे, मारणे, मूत्र पाजणे, चटके देणे हा गुन्हा आहे. अनुसूचीतील एक कलम या पट्ट्याच्या फार कामाचे आहे. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला दवाखान्यात जाण्यापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे त्यात बसते. शेतीची वीज अनेकदा रात्रीच्या पाळीत येते, त्यामुळे शेतकरी बॅटरी आणि काठी घेऊन अंधारात दारे धरायला जातो. तिथे पायाखाली हडळीपेक्षा घोणस येण्याची शक्यता कितीतरी जास्त, आणि घोणशीच्या विषावर प्रतिविष ग्रामीण रुग्णालयात मिळते.